पॉलिफेमस पतंग ओळखायचा कसा: पंखातल्या खिडकीपासून पाचोळ्यातल्या कोषापर्यंत

जूनमधल्या एका रात्री, साडेदहाच्या सुमाराला, पेनसिल्व्हेनियातल्या एका गॅस स्टेशनच्या पांढऱ्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी पतंग बसलेला दिसला. सोबतची मैत्रीण "अगं, वटवाघूळ!" म्हणत मला मागे ओढू लागली. मी भंडारा जिल्ह्यातली. लहानपणी आजोळी ऐनाच्या फांद्यांना लटकलेले टसर रेशमाचे कोसे, म्हणजे कोष, पाहिलेले, त्यातून बाहेर पडणारे पतंगही पाहिलेले. भिंतीवरच्या त्या पंखांवरचे चार डोळे बघताच वाटलं, हा तर आपल्याकडचाच कोणीतरी.

आणि तो खरोखरच नात्यातला निघाला. त्याचं शास्त्रीय नाव अँथेरिया पॉलिफेमस. विदर्भातल्या टसरचा पतंग अँथेरिया मायलिटा, आसामच्या मुगा रेशमाचा अँथेरिया असामेन्सिस. तिघांची प्रजात (जीनस) एकच, जाती वेगळ्या. पीटर क्रेमर या डच अभ्यासकाने १७७६ मध्ये अमेरिकेतल्या या पतंगाचं वर्णन केलं आणि त्याला ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव दिलं, ते पंखांवरच्या मोठ्या डोळ्यांमुळे.

त्या रात्रीपासून मी दर उन्हाळ्यात हा पतंग शोधते. ओळखीतले लोक फोटो पाठवून "हा कोणता गं?" असं विचारतात, आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: ते रंग बघतात. या पतंगाचा रंग मात्र फसवतो. म्हणून पाहण्याचा क्रम काय ठेवायचा, ते नीट सांगते.

आधी जागा आणि वेळ

कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत हा पतंग सापडतो. अमेरिकेतही ॲरिझोना आणि नेवाडा सोडले तर जवळपास सगळीकडे त्याची नोंद आहे. त्याच्या कुळातल्या मोठ्या पतंगांत इतका दूरवर पसरलेला दुसरा नाही, त्यामुळे तुम्ही न्यू जर्सीत असा, मिशिगनला असा की सिएटलकडे, तो भेटण्याची शक्यता आहे. उत्तरेकडे वर्षाला एकच पिढी होते आणि पतंग मे ते जुलैच्या दरम्यान उडतात. दक्षिणेकडे दोन पिढ्या होतात, एक एप्रिल-मेमध्ये आणि दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये.

शोधायला रानात जायलाच हवं असं नाही. ओक, मेपल, बर्च, विलो ही त्याच्या सुरवंटांची आवडती झाडं, आणि ती तर प्रत्येक वस्तीत असतात. अशा झाडांजवळचा पोर्चचा दिवा, शाळेची प्रखर उजेडातली भिंत, हायवेवरचं गॅस स्टेशन, अशा ठिकाणी रात्री दहानंतर नजर टाका. पहाटेही टाका, कारण उजेडाला भुललेले पतंग सकाळपर्यंत तिथेच भिंतीला चिकटून बसलेले असतात.

आकार आणि बांधा

पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत १० ते १५ सेंटिमीटर भरतात. अंग जाड आणि लोकरीसारखं केसाळ. तोंडाकडे पाहिलंत तर फुलपाखराची ती गुंडाळलेली सोंड दिसणार नाही. या पतंगाचे मुखावयव निकामी असतात. सुरवंट असताना जे खाल्लं त्या शिदोरीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि संपतो. तेव्हा कपाटातल्या लोकरी कपड्यांची काळजी करू नका, आणि चावण्याचीही भीती बाळगू नका.

बसताना तो बऱ्याचदा फुलपाखरासारखे पंख पाठीवर मिटून बसतो. अशा वेळी फक्त खालची बाजू दिसते, वाळक्या पानासारखी तपकिरी-करडी आणि चट्ट्यापट्ट्यांची. पुष्कळ लोक इथेच चुकतात, कारण डोळे दिसतच नाहीत. हात लावू नका, थोडं थांबा. त्रास झाला असं वाटलं की तो झटकन पंख उघडतो आणि मागच्या पंखांवरचे डोळे एकदम समोर येतात. पक्ष्याला दचकवायची ही त्याची युक्ती आहे.

खरी खूण: चार खिडक्या

इथे घाई करू नका. पॉलिफेमसची ओळख नव्वद टक्के इथेच पटते.

चारही पंखांवर एकेक डोळा असतो. पुढच्या पंखांवरचे डोळे लहान आणि लांबट, कडेला पिवळी रेघ. मागच्या पंखांवरचे मोठे: आधी पिवळं कडं, त्याभोवती निळ्या-काळ्या रंगाचा मोठा डाग. हा डाग एखाद्या पतंगात फार पसरलेला असतो, एखाद्यात अगदी आटोपशीर. डागाच्या आकारावरून वेगळी जात समजू नका.

आता डोळ्याच्या मधोमध पाहा. तिथे रंगच नसतो. पतंगाच्या पंखावर खवल्यांची भुकटी असते, रंग त्या खवल्यांचा. डोळ्याच्या मध्यभागी ते खवले नसल्यामुळे तेवढा भाग काचेसारखा पारदर्शक राहतो. पतंग हिरव्या पानावर बसला असेल तर त्या खिडकीतून हिरवं दिसतं, विटांच्या भिंतीवर असेल तर लाल. फोटो मोठा करून हे तपासता येतं. खिडकीतून पलीकडची पृष्ठभूमी दिसते आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. नवख्याला सर्वांत जास्त उपयोग याच एका प्रश्नाचा होतो. टसरच्या पतंगाच्या पंखांवरही अशाच चार खिडक्या असतात, गॅस स्टेशनवर मला नातं जाणवलं ते त्यामुळेच.

खिडक्या पटल्या की रेघांकडे वळा. बाहेरच्या कडेपासून थोडं आत, कडेला समांतर जाणारी एक काळसर रेघ असते, तिला लागून पांढरट किंवा गुलाबी छटा. अंगाजवळ पांढरी-तांबूस रेघ असते. पुढच्या पंखाची वरची कड बहुधा करडी. पंख झिजले, फाटले, खवले उडाले तरी खिडक्या आणि बाहेरची ती रेघ बराच काळ टिकून राहतात. वटवाघळाच्या किंवा पक्ष्याच्या तडाख्यातून सुटलेला फाटका पतंग ओळखायला याच दोन खुणा उपयोगी पडतात.

रंग सगळ्यात शेवटी पाहा. फिकट पिवळसर, दालचिनीसारखा, विटकरी, करडा तपकिरी, ऑलिव्हकडे झुकणारा, एवढ्या छटा एकाच जातीत मिळतात. एकाच मादीच्या अंड्यांतून वाढवलेल्या पतंगांत पिवळट आणि तांबूस असे दोन्ही निघाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

नर की मादी

डोक्यावरच्या शृंगिका पाहा. शृंगिका म्हणजे आपण बोलताना ज्यांना मिशा म्हणतो त्या. नराच्या शृंगिका नेच्याच्या पानासारख्या रुंद आणि दाट. मादीच्याही पिसासारख्याच, पण अरुंद. मादीचं पोट अंड्यांनी भरलेलं, गुबगुबीत, तर नराचं सडपातळ.

नराला एवढ्या मोठ्या शृंगिका लागतात त्या वासासाठी. मादी रात्री एका जागी बसून गंधद्रव्य सोडते आणि नर वाऱ्यावरून त्याचा माग काढत येतो. पतंग वास कसा घेतात हे उलगडण्यात या जातीचा मोठा वाटा आहे. गंधाच्या कणांना पकडणारं प्रथिन पहिल्यांदा सापडलं ते याच पतंगाच्या नराच्या शृंगिकेत. रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांनी ते संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं.

कोणाशी गफलत होते

सेक्रोपियाशी फार होते, कारण तो याहूनही मोठा. पण त्याचं अंग लाल, पोटावर पांढरे पट्टे, आणि पंखांवर डोळ्यांऐवजी चंद्रकोरीसारखे डाग असतात. लूना फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा. तो प्रौढ असताना गफलत होत नाही. सह्याद्रीत दिसणाऱ्या चांद पतंगाची ती बहीण, दोघंही ॲक्टियास प्रजातीतले. आयो बराच लहान, त्याचे डोळे फक्त मागच्या पंखांवर, पुढच्या पंखांवर काचेची खिडकी नाही. इम्पीरियल पिवळाधमक, जांभळट डागांचा. दक्षिणेकडून भरकटत येणारा ब्लॅक विच हाही मोठा आणि तपकिरी असतो, पण त्याच्या शृंगिका साध्या दोऱ्यासारख्या असतात, तेवढं पाहिलं की शंका फिटते.

खरी कसोटी लागते ती न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत. तिथे आणि शेजारच्या ॲरिझोनात अँथेरिया ऑक्युलिया ही अगदी जवळची जात उडते. तिच्या चारही डोळ्यांभोवतीची गडद वलयं जास्त ठसठशीत असतात. त्या भागात राहत असाल तर फोटोसोबत ठिकाणाची नोंद नक्की ठेवा, ओळख पटवायला ती फार मोलाची ठरते.

सुरवंट: माझी चूक इथेच झाली

पतंगापेक्षा सुरवंट ओळखणं अवघड आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अंगणातल्या बर्चखाली बोटाएवढा जाड, पोपटी सुरवंट सापडला. मी मुलीला ठामपणे सांगितलं की हा लूना आहे. आम्ही त्याला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, रोज ताजी पानं दिली, त्याने कोष केला. मुलगी हिवाळाभर हिरव्या पतंगाची वाट पाहत राहिली. मे महिन्यात बाहेर आला तो दालचिनी रंगाचा पॉलिफेमस. सुंदरच होता, पण तिला दिलेला शब्द मी मोडला होता. त्यानंतर दोन्ही सुरवंट शेजारी ठेवून फरक पाठ केला.

दोघेही हिरवे आणि गुबगुबीत, दोघांच्याही अंगावर उभ्या पिवळ्या रेघा. बाजूने पाहिलंत तर प्रत्येक खंडावर एक बारीक ठिपका दिसतो, ते श्वसनछिद्र. पॉलिफेमसची ही उभी, किंचित तिरकी रेघ बरोबर या छिद्रावरून जाते. लूनाची रेघ छिद्राला टाळून दोन खंडांच्या सांध्याजवळून जाते. शिवाय लूनाच्या अंगाच्या बाजूने, छिद्रांच्या खालून, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक आडवी पिवळी रेघ धावते. पॉलिफेमसला ती आडवी रेघ नसते. त्याचं डोकं तपकिरी असतं, अंगावर केशरी-लाल उंचवटे आणि काहींच्या बुडाशी चांदीसारखी चमक. पूर्ण वाढलेला सुरवंट साडेसात ते नऊ सेंटिमीटर भरतो. तो अंग आखडून बसला की खंड आकाशकंदिलाच्या घड्यांसारखे दिसतात.

त्याला डिवचलंत तर टकटक असा बारीक आवाज येतो. जबडे एकमेकांवर घासून तो आधी इशारा देतो, मग तोंडातून तपकिरी रस बाहेर टाकतो. मुंग्यांना आणि उंदरांना तो रस आवडत नाही. तुमच्या त्वचेला त्याच्यापासून धोका नाही. मात्र काटेरी झुबके आणि बाजूने लाल-पांढरा पट्टा असलेला हिरवा सुरवंट दिसला तर तो आयोचा असतो. त्याच्या काट्यांनी चांगलीच आग होते, त्यामुळे मुलांना आधी हा फरक शिकवा.

अंडी सापडणं नशिबाची गोष्ट. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, थोडी चपटी, पांढरट आणि कडेने तपकिरी पट्टा. पानावर एकेकटी किंवा दोन-तीन मिळून असतात. साधारण दहा दिवसांत फुटतात.

कोष

नोव्हेंबरमध्ये पानं झडली की कोष शोधायला सुरुवात करा. लांबी साधारण चार सेंटिमीटर, आकार अंड्यासारखा, भोवती झाडाचं पान गुंडाळलेलं. पान अलगद सोडवलं की आत टणक, जाड कागदासारखं कवच लागतं, त्यावर पांढुरक्या भुकटीचा हात फिरवल्यासारखं दिसतं. बहुतेक कोष पानांसकट जमिनीवर पडतात, थोडे फांदीवरच राहतात. सेक्रोपियाचा कोष फांदीला लांबीने चिकटलेला असतो, प्रोमिथिया या आणखी एका रेशीम पतंगाचा रेशमी दोरीने लटकतो, लूनाचा पाचोळ्यातच सापडतो पण पातळ असतो, दाबला तर दबतो.

एकदा व्हिडिओ कॉलवर आईला हा कोष दाखवला. तिने लगेच विचारलं, "याचा देठ कुठाय?" टसरच्या कोशाला कडक देठ असतो, त्याच्या टोकाला कडं असतं, आणि त्या कड्याने तो ऐन किंवा अर्जुनाच्या फांदीला घट्ट अडकून राहतो. पॉलिफेमसला असा देठ नसतो, म्हणूनच तो पाचोळ्यात जातो. पिढ्यान्‌पिढ्या कोसे काढणाऱ्या धिवर समाजातल्या लोकांना हा फरक हातात घेताच कळला असता.

कोष जिवंत आहे का हे वजनावरून कळतं. हळूच हलवला तर जिवंत कोष जड लागतो, आत काहीतरी टप्पकन आदळतं. एका टोकाला गोल, ओलावून मऊ झालेलं भोक असेल तर पतंग निघून गेलेला आहे. बाजूला ओबडधोबड भोक असेल तर उंदीर, खार किंवा पक्ष्याने डल्ला मारला आहे.

बंद कोषातून पतंग बाहेर कसा येतो, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं होतं. तो तोंडाजवळून एक पाचक रस सोडतो आणि रेशमाला चिकटवणारा डिंक विरघळवतो. फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हे उलगडून दाखवलं. त्या रसातल्या विकराला (एन्झाइमला) त्यांनी कोकूनेझ म्हटलं.

कोष ठेवायचाच असेल तर घरात ठेवू नका. मी पहिल्या वर्षी दिवाणखान्यात ठेवला. घराच्या उबेमुळे पतंग जानेवारीत बाहेर आला. बाहेर फूटभर बर्फ होतं आणि जोडीदार कुठेच नव्हता. आठवड्याभरात तो खिडकीपाशी मेला, आणि ते अजून मनातून जात नाही. कोष गरम न केलेल्या शेडमध्ये किंवा पोर्चवर, उंदरांपासून सुरक्षित जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा द्या. पिंजऱ्याच्या भिंती खरखरीत हव्यात. बाहेर आल्यावर पतंगाला वर चढून, लटकून पंख पसरावे लागतात. गुळगुळीत बरणीत पंख वाकडेच वाळतात. मादी निघाली तर त्या रात्री पिंजरा बाहेरच राहू द्या. मध्यरात्रीनंतर नर जाळीभोवती घिरट्या घालताना दिसतात. नंतर तिला झाडावर सोडा.

आणि भारतातून टसरचे जिवंत कोष बॅगेत घालून आणू नका, इथले तिकडे पाठवू नका. अमेरिकेत जिवंत पतंग आणायला आणि राज्याबाहेर पाठवायला परवाना लागतो. तो नियम का महत्त्वाचा आहे, याची कहाणी याच पतंगाभोवती घडली आहे. १८६० च्या दशकात बोस्टनजवळच्या मेडफर्ड गावात एतियेन ट्रूव्हेलो नावाचे फ्रेंच गृहस्थ रेशमासाठी पॉलिफेमस वाढवत होते. जाळीने झाकलेल्या रानात १८६५ मध्ये त्यांच्याकडे दहा लाखांवर सुरवंट होते. सुरवंट ५६ दिवसांत आपल्या जन्माच्या वजनाच्या ८६,००० पट पानं खातो, हा हिशेब त्यांचाच. पुढे त्यांनी युरोपातून दुसऱ्या एका पतंगाची अंडी आणली, आज त्याला स्पंजी मॉथ म्हणतात. त्याचे काही सुरवंट निसटले. १८८९ पर्यंत मेडफर्डमधली झाडं निष्पर्ण होऊ लागली. त्या किडीला आवरायला १९०६ पासून कॉम्प्सिल्युरा ही परोपजीवी माशी आणून सोडली गेली. ती एका जातीवर थांबत नाही, शेकडो जातींच्या सुरवंटांच्या अंगात आपल्या अळ्या सोडते. ईशान्य अमेरिकेतले मोठे रेशीम पतंग कमी होण्यामागे तिचा हात आहे, असं अभ्यासक मानतात. पॉलिफेमसच्या रेशमाचा धंदा तर कधी उभा राहिलाच नाही.

नोंद कशी करायची

तीन फोटो घ्या: वरून पंख उघडलेला, बाजूने पंख मिटलेला, आणि डोक्याचा जवळून, शृंगिका दिसतील असा. शेजारी एखादं नाणं ठेवलं तर आकार कळतो. तारीख, वेळ, गाव आणि जवळची झाडं लिहून ठेवा. आयनॅचरलिस्टवर किंवा 'बटरफ्लाइज अँड मॉथ्स ऑफ नॉर्थ अमेरिका'च्या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर जाणकार ओळख तपासून देतात. इथले पतंगवाले हॉजेस क्रमांक, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पतंगांच्या यादीत प्रत्येक जातीला दिलेला क्रमांकही वापरतात: पॉलिफेमसचा ७७५७, लूनाचा ७७५८.

जुलैच्या अखेरीस 'नॅशनल मॉथ वीक' असतो. तो २०१२ मध्ये न्यू जर्सीतल्या ईस्ट ब्रन्सविकमधून सुरू झाला, म्हणजे एडिसनच्या आपल्या मराठी वस्तीपासून अगदी हाकेच्या अंतरावरून. पांढरी चादर टांगून त्यामागे दिवा लावला की बस्स. काम झालं की दिवा मात्र बंद करा, नाहीतर आलेले पतंग रात्रभर तिथेच अडकतात आणि त्यांच्या मोजक्या रात्रींतली एक वाया जाते.

अंगणात ओक असेल तर त्याच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा यंदा पिशव्यांत भरून फेकू नका. हिवाळाभर राहू द्या. मेमध्ये संध्याकाळी तिथे बसून पाहा.